पंख्यातल्या अक्षता

लग्नसराईच्या तोंडावर माझा लॅपटॉप रेंगाळायला लागला. बंद पडत नव्हता, पण मोराचा पिसारा पडद्यावर उमटेपर्यंत माझी भाजी फोडणीला टाकून व्हायची. जाफराबादेत मी ब्लाउजवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करते. नक्षी लॅपटॉपवर बसवायची, पेनड्राइव्हनं मशीनला द्यायची. पिंपळगाव रेणुकाईच्या एका नवरीचा ब्लाउज हातात होता आणि तिची नक्षी अर्ध्यावरच अडकत होती. नवा लॅपटॉप घ्यावा, तर माझं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. हा गेला तर धंदाच बसणार होता.

जालन्याचा दुकानदार म्हणाला, प्रोसेसर बदला. ह्यालाच चालेल असा जास्त ताकदीचा, वापरलेला एक त्याच्याकडे होता. पण बसवायला लॅपटॉप आठवडाभर ठेवून जा म्हणाला. नवरी आठवडाभर थांबणार नव्हती. मी प्रोसेसर आणि त्याच्यावर लावायच्या, उष्णता खेचणाऱ्या पेस्टची ट्यूब डबीत घालून एसटीनं परत आले. शिलाई मशीन मी स्वतःच खोलते. इथंही स्क्रूच होते.

जेवणं उरकून फोनवर व्हिडिओ लावला, पेचकस घेतला. सासूबाई समोर येऊन बसल्या. खालचं झाकण निघालं आणि पंख्यात तांदूळ दिसले. लाल झालेल्या अक्षता, त्यांच्यावर हळदीकुंकवाचा थर. दर खंडेनवमीला सासूबाई कात्री, मशीन आणि लॅपटॉप ओळीनं मांडून पूजा करतात. सढळ हातानं.

"आत्या, तुमच्या पूजेनं ह्याचा श्वास कोंडलाय."

"मंग इतकी वर्सं चाललं कशानं?"

मी ब्रशनं पंखा साफ केला, तांब्याची पट्टी उचलली. तिच्याखाली प्रोसेसर होता. त्याला धरून ठेवणारा स्क्रू अर्धा फिरवल्यावर तो अलगद हातात आला.

मी आयुष्यभर बारीक काम केलंय, पण असं पाहिलं नव्हतं. खालच्या बाजूला केसासारख्या सोनेरी पिना, कापडाच्या विणीसारख्या ओळींत. एकही वाकडी नाही. वर मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा काळा तुकडा, पेस्ट पुसल्यावर आरशासारखा. त्यात मला माझाच डोळा दिसला. इतक्या नवऱ्यांच्या बाह्या, कोयऱ्या, वेली, मोर, सगळं ह्या नखातून गेलं होतं.

"एवढ्याशात समदं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"एवढ्याशात."

मी जुना बाजूला ठेवला आणि डबीतून नवा काढला.

नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण लॅपटॉपमधल्या जागेवरच्या त्रिकोणाशी जुळवला. जागा बराबर असली की दाबावं लागत नाही, तो आपल्या वजनानंच बसतो. स्क्रू फिरवला, पेस्टचा ठिपका दिला, सगळं बंद केलं आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढं ती नवरी आली आणि तिची आई आली. सासूबाईंनी पदर सावरून हात जोडले. मी अडवलं नाही. मग पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला. नक्षी उघडली तर पिसारा एका झटक्यात भरला, शेवटच्या टाक्यापर्यंत. मी तो पुसून पुन्हा भरून बघितला. काम नव्हतं, नुसतं बघायला.

ब्लाउज वेळेवर गेला. जुना प्रोसेसर टाकायला निघाले, तर सासूबाईंनी हात पुढं केला. आता खंडेनवमीला कात्रीशेजारी पाटावर तो असतो आणि हळदकुंकू, अक्षता त्याला. लॅपटॉप मी आधीच झाकण बंद करून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते.