शेवटचं ताट

व्हर्लीन टगल म्हणजे आमच्या तुरुंगाच्या स्वयंपाकघराची सासू. कैद्यांना गरम जेवण मिळालंच पाहिजे, असा हुकूम केंद्राच्या कोर्टाने अलाबामातल्या आमच्या लहानशा काउंटीला चाळीस वर्षांपूर्वी दिला होता. त्यावर लक्ष ठेवायला कोर्टाने पुढे नेमलेली ही बाई. मी तिथे पहारेकरी होतो. अठ्ठावीस वर्षं ती थर्मामीटर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीपर्यंत चढायची आणि तिथलं शेवटचं ताट मापायची.

"पहिलं ताट काय, कुणाचंही गरम असतं," असं ती आचाऱ्याला सुनवायची.

गेल्या वर्षी तुरुंगाचा कारभार बघणारे शेरीफ प्रुइट हा हुकूम उठवा म्हणून कोर्टात गेले. "हुकूम निघाला तेव्हा मी शाळेत होतो. मला लोकांनी निवडून दिलंय. कोर्टाने आमच्या डोक्यावर बसायचं तरी किती दिवस?" खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हुकूम गेला की व्हर्लीनची नोकरीही जाणार होती, आणि तिच्यामागे ताटांचं काय होईल, कुणास ठाऊक.

जजने तिलाच उभं केलं. "हुकूम उठवला तर जेवण गरम राहील?"

"मी आहे तोवर राहील, साहेब. हुकूम नसला तर मी नसेन."

"मग मी काय करावं?"

"उठवा. खोटं कशाला बोलू, गेल्या नऊ वर्षांत एक ताट गार गेलं नाही. फक्त ते शेवटचं ताट रोज शेरीफसाहेबांनी खावं. वर, त्या कोठडीसमोर खुर्ची टाकून. मग ना कोर्ट लागेल, ना माझं थर्मामीटर."

सगळं गाव बाकांवर बसलेलं. प्रुइट मानेपर्यंत लाल झाले, पण हो म्हणाले.

हुकूम उठला. व्हर्लीनला तुरुंगासमोरच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरपाट्या द्यायला बसवलं. मला फार वाईट वाटलं. बाईसारखी बाई, आणि हातात पत्र्याच्या पाट्या.

महिनाभराने मी माझी पाटी बदलायला गेलो होतो. दुपारचे बारा वाजून गेले होते. रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून प्रुइटसाहेबांचा आवाज आला, "हा गार घेवडा कुणी वाढला? आणि मक्याचा पाव दगड झालाय. आचाऱ्याला वर पाठवा आधी."

मी व्हर्लीनकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"साहेब जेवायला बसले वाटतं," ती म्हणाली, आणि माझी पाटी पुढे सरकवली.