ड्रमवाले नाना

कुणाबद्दल लिहावं इतकं मला येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे आजवर परीक्षेपुरतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण परवापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून लिहितो.

निफाडजवळच्या आमच्या गावात आपल्याला भीती वाटते हे उघड सांगणारे नाना एकटेच. ते एका द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर चालवायचे. त्याला पुढे लोडर, म्हणजे शेणखत उचलायची बकेट. ती भरण्याआधी नाना ट्रॅक्टरच्या मागे सिमेंट-खडी ओतून भरलेला लोखंडी ड्रम अडकवायचे. मागे वजन नसलं की पुढच्या ओझ्याने मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक मागच्याच चाकांना असतात. मजूर ताटकळायचे, नवरीला दागिने घालताय का म्हणून चिडवायचे. नाना ड्रमची पिन पुन्हा हलवून बघायचे.

"बकेट उचलती म्हणून ट्रॅक्टर पेलतो असं नाय," एवढंच म्हणायचे.

माझा मोठा भाऊ संतोषदादा त्याच बागेत कामाला. त्याला त्या ड्रमचं हसू यायचं. मागे एखादा माणूस उभा केला की झालं वजन, असं तो म्हणायचा. आमच्याकडे बरेच जण तसंच करतात.

सुट्टीत मी नानांकडून ट्रॅक्टर शिकत होतो. एकदा नाना जेवायला बसलेले. दादाने मला सीटवर बसवलं आणि ड्रमच्या जागी स्वतः मागे उभा राहिला. खत ओलं होतं. बकेट माझ्या डोक्याच्या वर गेली आणि सीट हळूच उचलली गेली. मागची चाकं जमीन सोडत होती. माझे हात लिव्हरवर गोठले. तेवढ्यात बाजूने नानांचा आवाज आला, अगदी हलका.

"बकेट खाली घे. हळू. संतोष, उडी मारू नको."

चाकं टेकली. दादा हसत उतरला. नाना बांधावर बसले आणि हातातली अर्धी भाकरी त्यांनी परत फडक्यात बांधली. माझ्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "भीती वाटती तोवर चालवायचा. वाटायची थांबली की चावी देऊन टाकायची."

कॉलेजात सरांनी फळ्यावर गुरुत्वमध्य समजावला, तेव्हा सगळ्यांनी वहीत बाण काढले. मला आधी तो ड्रमच दिसला.

परवा दादाचा फोन आला, खुशीत होता. बोलता बोलता त्याने सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी नाना ड्रम न लावताच भरलेली बकेट घेऊन उतार उतरले. झालं काहीच नाही. ड्रम राहिला हे त्यांच्या लक्षात आलं ते खाली पोचल्यावर. वाटेत आपल्याला भीतीच वाटली नाही, असं बागेच्या मालकांना म्हणाले, चावी दिली आणि घरी गेले.

मग आता ट्रॅक्टर कोण चालवतं, असं मी विचारलं.

"मीच की."

ड्रम लावतोस ना, असं मी विचारलं. दादा हसला.

"तू पार नानांवर गेला रे," म्हणाला, आणि फोन ठेवला.