ळ-काकू

नवीन मूल भेटलं की नाव विचारायच्या आधी ळ-काकू म्हणत, "बाळ, 'टाळू' म्हणून दाखव बघू." डमडमला वाढणाऱ्या आमच्या मराठी पोरांच्या तोंडात बंगालीतला 'ल' घट्ट बसलेला, सगळी 'तालू' म्हणत. मग काकू आ करून बोटाने स्वतःची टाळू दाखवत. "जीभ अशी मागे वळव आणि इथे टेकव. घाबरू नकोस, गळून पडत नाही ती."

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा माझी रेवा दोन वर्षांची होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाले. समोरच्या दारात, काकूंकडे गेली की मात्र बाईसाहेब घडाघडा मराठी बोलत. माझा नुसता जळफळाट होई. जन्म मी दिला आणि 'केळं' म्हणायला शिकली ती समोरच्या घरात! एकदा काकूंनी मला तोंडावर सांगितलं, "तू चुका काढत बोलतेस. मी खायला देत बोलते." खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या टाळूवर फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. तो कॅन्सर निघाला. लाळेच्या बारीक ग्रंथींचा, डॉक्टरांच्याही क्वचित पाहण्यातला. ऑपरेशनमध्ये टाळूचा तुकडा गेला आणि तिथे कवळीसारखी प्लेट बसली. काकूंचं बोलणं नाकात शिरलं आणि त्यांचा ळ गेला.

काकांना कमी ऐकू येई, म्हणून पुढच्या तपासणीला मी आणि रेवा सोबत गेलो. तिथे मूत्रपिंडात आणखी एक गाठ दिसली.

"फैल गया क्या?" मी विचारलं.

"नहीं, यह दूसरा कैंसर है। दोनों अलग हैं," डॉक्टर म्हणाले.

काकू काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. रेवा मात्र खुदकन हसली. "आई, काकू म्हणतायत, दोघी जावा आहेत. घर एक, चुली वेगळ्या."

काकूंना दुसरा कॅन्सर निघाला होता आणि मला दुःख होत होतं ते माझ्या मुलीच्या त्या हसण्याचं. सांगायला लाज वाटते, पण होत होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी रेवाच त्यांना शिकवायला बसू लागली. "काकू, जीभ मागे वळवा. आता टेकवा." जीभ प्लेटवर टेके आणि बाहेर 'ल'च येई. तरी रेवा टाळ्या वाजवी. एकदा मी सूप घेऊन गेले, तर काकू माझ्याकडे बघून काही म्हणाल्या. "तू पण बस म्हणतायत," रेवाने सांगितलं. गॅसवर दूध आहे असं खोटंच सांगून मी परतले. बसायला हवं होतं.

शेवटी मूत्रपिंडाच्या गाठीनेच काकूंना नेलं. काकांना त्यांचे भाऊ नागपूरला घेऊन गेले. समोरच्या दाराला कुलूप लागलं त्या दिवशी रेवा माझ्यापाशी येऊन बसली. हिंदीत नाही, मराठीत म्हणाली, "आई, माझे डोले दुखतायत."

इतकी वर्षं स्वच्छ 'ळ' म्हणणारी मुलगी! जीभ मागे वळव, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण मी चूक काढली नाही. तो 'ल' काकूंचा होता. मी तिला जवळ घेतलं आणि खरं सांगते, तेव्हाही मला काकूंचा हेवाच वाटला.