रबरी कोटाची पारख

अख्ख्या जळगावात वस्तू पारखावी तर मीच! बैल म्हणा, बायको म्हणा, वांगं म्हणा, एका नजरेत सांगतो. बैलात फसलो, ते सोडा. बायको वडिलांनी पाहिली. राहता राहिलं वांगं. तर वांगं मी बरं पारखतो.

पण कोट? अरे देवा! ऐकाच आता, फक्त कपबशी खाली ठेवा. मागे एकानं हसता हसता माझ्याच धोतरावर चहा सांडला होता.

लढाई नुकतीच संपली होती. पलटणीचा जुना माल लिलावात निघाला, त्यातली एक फटफटी मी उचलली. आवाज असा, की नशिराबादेत चालू केली तर जळगावात लोक म्हणायचे, निघाला बरं का! बंद पडली की मात्र कुणाला पत्ता लागायचा नाही. मी एकटाच ढकलत यायचो.

आमची बायको कौतिक तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेलेली. माहेर पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या वाटेवर. आखाजी सरली, झोके उतरले, आषाढ लागला, तरी बाईचा पत्ता नाही! इकडे माझे हाल काय सांगावेत? मी केलेली भाकर गाईपुढं टाकली, तर गाय दावं तोडून पळाली.

शेवटी सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या आबांचा, निरोप आला. "भरपावसात ती भूतगाडीवर मनी पोर बसाव नही. जवाईनी पहिले सोता कोरडं यीसन दखाडानं, मंग पोर लई जावानी. नहीते दसरापावत ती आठेच शे."

म्हणजे कळलं का शहरवाल्यांनो? जावयानं आधी स्वतः कोरडं येऊन दाखवायचं, मगच त्यांची पोर न्यायची. नाहीतर दसऱ्यापर्यंत बस भाकरी करपवत!

मी तडक अकबरभाईंच्या छत्र्यांच्या दुकानात. त्यांनी तीन कोट पुढं टाकले. एक पिवळा, मेणकापडाचा, जवसाच्या तेलाचा वास मारणारा. एक खाकी, पलटणीतला. आणि एक काळा, रबरी, गुडघ्याच्याही खाली येणारा.

"भाऊ, काळा घ्या. खास फटफटीवाल्यांचा आहे. एकदम वाटरप्रूफ!"

"प्रूफ-ब्रूफ आपल्याला कळत नाही, अकबरभाई. पाणी आणा!"

आता तुम्हीच सांगा, शेतकऱ्याचं पोर मोट कशी पारखतं? पाणी भरायचं, टांगायची आणि गळते का बघायचं. पाण्याची वस्तू पारखायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. मी कोटाच्या बाह्या बांधल्या, खालचा घेर सुतळीनं आवळला आणि गळ्यातून बादली ओतली. पिवळा शिवणीतून पाझरला. खाकी तर चाळणच. काळा मात्र टम्म फुगला, पण काखेत दोन्हीकडून पाण्याची धार! बघतो तर तिथं पितळी कड्यांची भोकं.

"काय हो, भोकं पडलेला माल विकता?"

"अरे भाऊ, ती हवेसाठी असतात! अंगाची वाफ बाहेर जायला."

"असं? आणि पाण्याला काय तिथं मज्जाव केलाय?"

जमलेली माणसं फिदीफिदी हसली. मला वाटलं, अकबरभाईंना हसली.

अकबरभाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, कोटात पाणी नाय भरायचं. कोटात माणूस घालायचा!"

मी मनात म्हटलं, दुकानदार हरला की असाच बरळतो.

तो काळा कोट घेऊन मी मोटा शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. काखेतली भोकं चामडं लावून बुजवली. खालचा घेर दोन पायांना वेगळा शिवून नाड्या घालून घेतल्या, गुडघ्याखाली गच्च आवळायला. चिखल आत नको ना! मनगटांनाही नाड्या. मग पुन्हा पाणी भरून पाहिलं. थेंब गळेना! कारागीर म्हणाला, "भाऊ, अशी मोट मी जन्मात शिवली नाही." मी फुशारलो.

निघालो. सासुरवाडीला जायचं म्हणून नवाकोरा लालभडक फेटा बांधला. पण फटफटीवर वारा केवढा! फेट्याचा शेमला फडफडून डोळ्यांत जायला लागला, तेव्हा तो पाठीमागून कोटाच्या गळ्यात खोचून टाकला. झालं काम.

एरंडोल सुटलं आणि पावसानं धरलं. काय पाऊस! समोरचा बैल दिसेना, नुसती शिंगं दिसायची. पण आपण कोटात! थोड्या वेळानं पाठीला जरा ओलसर लागलं. म्हटलं, घाम. रबर आहे, घाम येणारच. मग कोपरात गुळगुळ व्हायला लागलं. म्हटलं, इंजिनचा हादरा. मग पोटाशी ऊब वाटायला लागली. म्हटलं, बघा, याला म्हणतात कोट!

पारोळ्यात चहाला थांबलो, तर हॉटेलवाला खुर्ची पुसायला धावला. "या शेट, बसा!" मी काडीपैलवान, मला आजवर कुणी शेट म्हटलं नव्हतं. खाली बघतो तर पोट हे एवढं! म्हटलं, हवा भरली असेल. काखेतली भोकं बुजवली ना आपण.

मग तसाच डुलत डुलत गावात पोचलो. तोवर पाऊस उघडला होता, वाऱ्यानं कोट वरून खडखडीत वाळला होता. आबा ओट्यावरच बसलेले. दाराआड बांगड्या वाजल्या. कौतिक उभी होती.

"आबा, हात लाई दखा!" मी छाती पुढं काढली.

आबांनी बाही चाचपली. पाठ चाचपली. वाकून खालचा घेर चाचपला. चेहरा पडला बिचाऱ्यांचा! "कोरडा शे भो," ते हळूच म्हणाले. मग आत तोंड करून ओरडले, "कौतिक! गठोडं बांध."

आतून गठोडं बांधायचा आवाजसुद्धा आला, खरंच सांगतो. मी जिंकलो होतो! आता एवढं जिंकल्यावर माणसानं गप बसावं की नाही? पण मला नम्रता सुचली. पुढं झालो आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो.

वाकलो मात्र! गळ्यातून असा लोंढा सुटला, की विहिरीवर मोट उपडी व्हावी. आणि पाणी कसलं? लालभडक! वाटभरचा पाऊस आणि फेट्याचा सगळा रंग शेमल्यावाटे आत उतरला होता.

"व माय! रगत!" सासूबाई किंचाळल्या. "जवाई फुटना!"

शेजारची माणसं धावली. कोणी हळद आणली, कोणी मला आडवं करायला लागलं. मी ओरडतोय, "रंग आहे, रंग!" आणि जितका वळवळतोय तितका आणखी गळतोय. दाराआड कौतिक पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती.

आबा मात्र जागचे हलले नाहीत. घोट्यापर्यंत लाल झालेल्या पायांकडे त्यांनी निवांत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"जवाईबापू, लगीनमा मी तुमना पाय धुयात. आज तुमीन मना धुयात. हिसाब फिटना. आते कोट तुमना, अन् पोर मनी!"