पाणी तोडलेला बाग

दाट, अंगानं भरलेली लाल वाइन कुणी कौतुकानं चाखू लागलं, की माझी मान खाली जाते. हल्ली शहरात मुलाकडे गेलं की हे होतंच. मंडळी ग्लास फिरवत विचारतात, हा रंग, हा तुरटपणा येतो कुठून? मला चांगलं ठाऊक आहे. तो तहानेतून येतो.

नव्वदच्या दशकात तासगावकडे आमचा द्राक्षबाग होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. शब्द दिला की दिला. वाइन करणाऱ्या एका साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी माळाच्या मुरमाड तुकड्यात बियांची काळी द्राक्षं लावली. साहेबांची अट एकच होती: मण्यांना रंग चढला की पाणी तोडायचं. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी बारीक राहिला तर रस घट्ट आणि वाइन दाट, मणी फुगला की नुसतं पाणी. अण्णांनी "व्हय" म्हणून शब्द दिला होता.

आता आमच्या भागात मणी टपोरा नसला तर बागायतदाराला तोंड दाखवायची चोरी. शेजारी बांधावरून ओरडायचे, "आवं, बाग उपाशी मारताय व्हय?" अण्णा हसून सोडून द्यायचे. पण तोडणी तोंडावर आली आणि नेमके तेव्हाच मला बघायला फलटणकडचे पाहुणे यायचे ठरले. ऊसवाली माणसं. आणि आमच्याकडे पाहुणे पोरीच्या आधी रान बघतात. पोरीला काय, पावडर लावून उभी करता येते. रान कसं झाकणार?

अण्णांनी बागेत पाणी सोडलं. मणी फुगले, घड चकाकायला लागले. इकडे अंग भरावं म्हणून आई मला दूध पाजत होती. तेव्हा मी चिडायचे, आता आठवलं की लाज वाटते.

पाहुणे आले, बाग बघून खूश झाले. माझे होणारे सासरे माळकरी, दारूचं नावही न घेणारे. बागेतला एक घड हातात घेऊनच ते घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. मी चहा देत असताना त्यांनी एक मणी तोंडात टाकला.

"बिया हायत की वो. ही द्राक्षं कशाची?"

"काळ्या मनुक्याची," अण्णा म्हणाले.

अण्णांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही किती पटकन! लग्न ठरलं.

मग साहेब तोडणीसाठी आले. गोडी मोजायच्या नळीवर त्यांनी रसाचा थेंब टाकला, डोळ्याला लावून पाहिलं, मग दुसरा घड तोडून पुन्हा पाहिलं.

"पाणी दिलंत?"

अण्णा सावधानमध्ये उभे राहिले. "दिलं, साहेब."

"अहो, पण का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

साहेब भला माणूस. माल नेला, त्याची वाइन केली आणि नमुना म्हणून एक बाटली पाठवली. अण्णांनी ती काचेच्या पेल्यात ओतून खिडकीशी धरली. पलीकडचं लिंबाचं झाड आरपार दिसत होतं. "आपलंच पाणी हाय हे," एवढंच म्हणाले. चाखली नाही.

माझं लग्न झाल्यावर त्यांनी ती वाइनची झाडं मुळासकट काढली आणि तिथं मनुक्याचा वाण लावला. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, "पाव्हण्यास्नी सांगून बसलोय न्हवं."

नव्या बागेला फळ धरल्यावर काळ्या मनुक्यांचा पहिला डबा फलटणला आला. सासऱ्यांनी मूठभर मनुके तोंडात टाकले आणि मला म्हणाले, "तुझ्या बापाचा शब्द म्हंजे शब्द, पोरी."

मी पाणी आणते म्हणून आत गेले.