दोन पेट्यांचा पाळणा

गड्ड्याला कधी जायचं हे आमच्या घरी दुकानात, तराजूसमोर ठरायचं. त्या साली ते उशिरा ठरलं. अक्कलकोटच्या पुढं, कानडी मुलखाला खेटून असलेल्या गावात आमचं भुसार मालाचं दुकान होतं. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. तिचा पाळण्यांचा, खेळांचा आणि दुकानांचा जो पसारा होम मैदानावर पडतो, त्याला सगळा जिल्हा गड्डा म्हणतो. दरवर्षी आम्ही संक्रांतीच्याच दिवसांत जायचो. त्या वर्षी मात्र अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, आपली व्यापारी अक्कल लावली. बाजार उठायच्या वेळी माल स्वस्त होतो आणि गर्दीही ओसरते, मग गड्डाही उठायच्या बेतात असताना गाठावा, असा त्यांचा हिशोब. अव्वा, म्हणजे आई, तूर पाखडत होती. ती एवढंच म्हणाली, "तवर पाळणा ऱ्हायल न्हवं?" अप्पा म्हणाले, पाळणा काय पळून जातोय?

सुट्टीत बागा, मेळे आणि मोठमोठे पाळणे शोधत हिंडणाऱ्या लोकांसाठी मी इथं गेली काही वर्षं लिहिते. तुमच्या प्रतिक्रिया वाचते. त्यातल्या निम्म्या तक्रारीच असतात. एवढं तिकीट काढून गेलो आणि नेमका तोच पाळणा दुरुस्तीला बंद. मुलगी बोटभर उंचीनं कमी पडली. फोटोत तळं दिसत होतं, तिथं गेलो तर डबकं. बाबांनो, मला हे सगळं कळतं. मी स्वतः पक्की जत्रावेडी आहे आणि आमच्यासारख्या माणसांना बंद पाळण्याइतकं दुसरं काही जिव्हारी लागत नाही. म्हणून आज चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालातली ही सहल लिहिते आहे.

आधी चपलांचं सांगायला हवं. मोठ्या पाळण्यात बसताना चपला खाली काढून ठेवायच्या, हा आमच्या घरचा नियम. एकदा अप्पांची नवी कोरी चप्पल वरून सुटली आणि भज्यांच्या कढईशेजारी पडली, तेव्हापासूनचा. मग चपलांपाशी कुणीतरी थांबायला हवं, आणि ते कुणीतरी नेहमी अव्वाच असायची. कधी तिच्या पोटात मी, कधी मांडीवर धाकटी मंगल, आणि काहीच नसलं तर धपाट्यांची पिशवी होतीच. बाकीचे वर जाऊन यायचे आणि ती चपलांच्या ढिगाशेजारी बसून विचारायची, काय दिसलं? अप्पांचं उत्तर ठरलेलं. तळं दिसलं, देऊळ दिसलं, किल्ला दिसला, गिरणीची धुराडी दिसली, आणि अक्कलकोटच्या अंगाला पार टोकाला आपल्या दुकानाचा पत्रा चमकताना दिसला. पत्र्याचं नाव निघालं की अव्वाचा चेहरा उजळायचा. तो पत्रा तिच्या माहेरच्यांनी घालून दिला होता आणि त्याखाली ती दिवसभर राबायची. आपलं घर वरून कसं दिसतं ते तिला एकदा बघायचं होतं. दर साली ती म्हणायची, पुढच्या साली बसीन. या साली मात्र मंगल पाच वर्षांची झाली होती आणि चपलांपाशी मी थांबणार होते. मी आदल्या वर्षी पहिल्यांदा बसले होते खरी, पण वर पोचताच जे डोळे गच्च मिटले ते खाली आल्यावरच उघडले. त्यामुळे मला फारसा त्याग करावा लागणार नव्हता.

सकाळच्या एसटीनं निघालो. अक्कलकोटला गाडी बदलायची. तिथं स्टँडवर चहा प्यावा, तो बरा असतो. निदान तेव्हा असायचा. दुष्काळात खडी फोडून केलेला रस्ता होता आणि गाडी त्यावरून अशी आदळत चालली होती की धपाट्यांवरची शेंगाचटणी पिशवीभर झाली. अव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. खिडकीपाशी बसायची तिची कधी हौस नसे, पण त्या दिवशी मला सरकवून ती तिथं बसली. दर थोड्या वेळानं मागं वळून बघायची. मी विचारलं, काय बघतीस? तर म्हणाली, आपलं गाव कुठल्या अंगाला हाय ते धेनात ठेवायलेय, वर गेल्यावर शोधत बसायला नको.

सोलापूर जवळ आलं आणि मंगल ओरडली. झाडांच्या वर पाळण्याचं चाक दिसत होतं. अप्पांनी अव्वाकडं असं बघितलं, की जणू ते चाक त्यांनीच उभं केलंय. स्टँडवरून आम्ही चालतच निघालो. टांगा करायचा धीर कुणाला नव्हता.

मैदानात शिरलो आणि मला पहिल्यांदा कळलं की उठणारी जत्रा भरलेल्या जत्रेपेक्षा कितीतरी मोठी दिसते, कारण मधली जागा सगळी रिकामी असते. मोटारसायकलवाल्याच्या विहिरीच्या फळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. हसऱ्या आरशांचा तंबू गुंडाळलेला. बांगड्यांची दोन-चार दुकानं, एक भजीवाला आणि चिरमुऱ्यांचे ढीग, बस. आणि मोठा पाळणा? तो उभा होता, पण बोडका. बसायच्या पेट्या भराभर उतरवल्या जात होत्या. पाळणेवाले एक दाढीवाले चाचा होते. अप्पा त्यांच्याकडं गेले. चाचा वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "नक्को अण्णा, पट्टा उतार लिये. मोटर बी गाडी में चढ गई."

अप्पांनी मग जे केलं, ते आजही बंद पाळण्यासमोर प्रत्येक बाप करतो. त्यांनी दुसऱ्या गोष्टी घ्यायचा सपाटा लावला. अव्वाला हिरव्या बांगड्या, मला शिट्टी, मंगलला भिंगरी. पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा एक जण अजून उठला नव्हता. अप्पा अव्वाला म्हणाले, विमानात तरी बस. अव्वा बसली. फोटोवाला म्हणाला, हसा. अव्वा हसली नाही. तो फोटो माझ्याकडं आहे. ढगांच्या पडद्यापुढं इतकी रागावलेली प्रवासी मी दुसरी पाहिली नाही.

सात रस्त्याजवळ मावशीचं घर होतं, तिथं मुक्काम केला. मावशीनं गरम भाकरी आणि आमटी वाढली, गप्पा काढल्या. अप्पा नेहमी पत्र्याची गोष्ट सांगायचे, त्या रात्री त्यांनी ती सांगितली नाही. अव्वा मावशीशीच बोलत बसली. आपल्याला दोन शब्द बोलली असती तर बरं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

सकाळी स्टँडकडं निघालो, तर अव्वा सरळ मैदानाकडं वळली. अप्पा म्हणाले, आता काय राहिलंय तिथं? ती म्हणाली, जे राहिलंय ते बघते.

दोनच पेट्या राहिल्या होत्या. एक खाली, एक बरोबर तिच्या समोर, वर. पेट्या समोरासमोरच्या जोडीनं काढतात, नाहीतर चाक एका अंगाला झुकतं. मोटर नव्हती, म्हणून चाचांची माणसं दोर लावून चाक हातानं फिरवत होती. अव्वा कितीतरी वेळ बघत उभी राहिली. अप्पा दुकानात दुपारी लवंडायचे तेव्हा माप तीच करायची, त्यामुळे दोन टोकांना दोन वजनं दिसली की तिचं डोकं आपोआप चालायला लागायचं. ती पदर खोचून चाचांसमोर गेली.

"चाचा, ह्यो तराजूच हाय की. मोटर कशाला पायजे? येका पारड्यात ह्यास्नी बसवा, दुसऱ्यात मला."

ह्यास्नी म्हणजे अप्पांना. अप्पा अंगानं भरलेले आणि अव्वा काडी. चाचा आधी हसले, मग नाही म्हणाले, मग चाकाकडं बघितलं, मग अव्वाकडं. अव्वा हलली नाही. ती म्हणाली, इतकी वर्षं हितं चपला राखल्या, या पाळण्याची मी जुनी गिऱ्हाईक हाय. तुमच्या माणसांनी दोर धरला तर काय बिघडतंय? चाचांनी खिळे तपासले, पेटीचा अडसर हलवून बघितला आणि माणसांना हाक मारली. आजच्या बागेत असं कुणी करू देणार नाही आणि तुम्ही मागूही नका. तो काळ वेगळा होता आणि अव्वाही वेगळी होती.

आधी अप्पांना खालच्या पेटीत बसवलं. अव्वानं सगळ्यांच्या चपला गोळा केल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या, वर धपाट्यांची पिशवी. चौघांनी दोर ओढला आणि अप्पा चपलांसकट वर गेले. दुसरी पेटी खाली आली, तिच्यात अव्वा बसली. मग दोर ढिला सोडला आणि वरचं जड पारडं सावकाश खाली यायला लागलं. अव्वा वर चढत गेली. ना घरघर, ना गाणी, ना आरोळ्या. चाकाचं लाकूड तेवढं करकरत होतं. अप्पा जमिनीला टेकले आणि अव्वा टोकाला जाऊन थांबली, हिरव्या बांगड्यांचा हात दांड्यावर ठेवून.

आता पंचाईत अशी, की अप्पा खाली बसून आहेत तोवरच ती वर. त्यांनी उठून चालणार नव्हतं, फार हलूनही चालणार नव्हतं. मांडीवर चार जणांच्या चपला घेऊन ते गुमान बसले. तिथून दिसत काय होतं, तर समोरचा चिरमुऱ्याचा ढीग. थोड्या वेळानं त्यांनी मान वर करून कानडीत विचारलं, "साकेनु?" पुरे का?

वरून अव्वाचा आवाज आला, "इन्नू स्वल्प."

अजून थोडं. चाचा हसले. त्यांच्या माणसांनी दोर खुंट्याला गुंडाळून बिड्या पेटवल्या. अव्वा एकदा तळ्याकडं वळली, एकदा किल्ल्याकडं, आणि मग अक्कलकोटच्या अंगाला तोंड करून जी बसली ती बसलीच. अप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

ती खाली आल्यावर मंगलनं विचारलं, काय दिसलं? अव्वा म्हणाली, घरी गेल्यावर सांगीन. चाचांना तिनं उरलेली धपाटी दिली. त्यांनी ती कपाळाला लावून घेतली.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. ते काळजीत होते. कशाच्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात नेहमीची गिऱ्हाइकं जमली. कुणीतरी विचारलं, काय मालक, गड्डा कसा झाला? अप्पा पडेल आवाजात म्हणाले, सगळं उठलं होतं, उशीर केला आम्ही. तेवढ्यात ज्वारी मापता मापता अव्वा बोलली. आजवर ही गोष्ट ऐकायचं काम तिचं होतं. त्या दिवशी ती सांगायला लागली आणि लोक माप थांबवून ऐकत राहिले. तळं दिसलं, देऊळ दिसलं, धुराडी दिसली. मग तिनं मापावरून हात फिरवला. अप्पांचा हात गल्ल्यावर तसाच राहिला.

"आणि पार टोकाला," अव्वा म्हणाली, "आपल्या दुकानाचा पत्रा चमकत हुता."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती ज्वारीकडं बघत होती. मग त्यांनी घसा खाकरून, कुणी न मागता, त्या गिऱ्हाइकाला मूठभर ज्वारी वर घातली.

तर मंडळी, गड्ड्याला जाणार असाल तर संक्रांतीच्या दिवसांतच जा. गर्दी सोसा, धूळ खा, पण उठत्या जत्रेच्या भरवशावर राहू नका. आणि गेल्यावर पाळणा बंद निघाला, तर लगेच दुसऱ्या खरेदीला धावू नका. जरा थांबून बघा काय राहिलंय ते.

पुढच्या साली आम्ही वेळेवर गेलो. पट्टा होता, मोटर होती, गाणी होती. अप्पा आपण होऊन म्हणाले, चपलांपाशी मी थांबतो. अव्वा, मी आणि मंगल वर गेलो, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवले. अक्कलकोटच्या अंगाला शेतं होती, शेतांपलीकडं धूळ होती आणि धुळीपलीकडं काहीच नव्हतं. आमचं गाव तिथून दिसणं शक्यच नव्हतं. मी अव्वाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघून हसली, पुठ्ठ्याच्या विमानात हसायला हवी होती तशी.

खाली आलो. अप्पा चपलांच्या ढिगाशेजारी बसून होते. त्यांनी मला विचारलं, काय दिसलं?

मी म्हटलं, "पत्रा चमकत हुता की."