भांडून न आलेली जयमाला

सकाळचे सव्वासहा. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भेंडी, आणि जयमालाचा एक डोळा घड्याळावर. सातला कंपनीची बस यायची. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी दार बडवतं म्हणजे काम घाईचंच. दारात संघप्रिया, कारखान्यात तिच्याच लाईनवरची, पलीकडच्या सोसायटीतली.

"ताई, डबा नका भरू. बस नाय येणार. गेटला कुलूप लागलंय."

रबाळ्याच्या त्या औषधांच्या कारखान्यात जयमालाची तेवीस वर्षं झाली होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या पाकिटांत एखादा खण गोळीविना राहिला असेल तर तो हेरायचा, हे तिचं काम. नव्या मुलींना सुपरवायझर मुद्दाम तिच्या शेजारी उभं करत. ते सगळं गेटावरच्या एका कागदानं संपलं.

बाजार समितीत कारकून असलेला तिचा नवरा, इंद्रजित, म्हणाला, "जाऊ दे, आता आराम कर." शेजारणी म्हणाल्या, "सुटलीस बाई." तीन आठवडे तिनं आराम केला, म्हणजे पंखे पुसले, फडताळं आवरली. सहाला जाग यायची ती येतच राहिली. तुला वाईट वाटतंय का, हे मात्र घरात की उलव्यातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

एका सोमवारी तिनं स्कूटी काढली. "कराडला, माहेरी बाबासोकडे जाऊन येते. एकटीच."

"स्कूटीवर? डोकं ठिकाणावर आहे का?" इंद्रजित म्हणाला, पण पेट्रोल भरून आणलं त्यानंच.

एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या रस्त्यानं. खंडाळ्याचा चढ ट्रकच्या धुरात, मग पुण्याची गर्दी. मनगटं भरून आली, पाठीचा नुसता दगड झाला. पण हा थकवा निदान दुखतोय कुठे ते सांगत होता.

वाईला शालनमावशीनं तिला दारात एकटी, बॅगेसकट पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "भांडून आलीस?"

"नाही गं मावशी. कारखाना बंद पडला माझा."

"पडायचाच गं. पण भांडण कशावरनं झालं?"

सण नाही, लग्न नाही, पोरांची सुट्टी नाही. आणि लेक एकटी माहेरच्या वाटेला लागली. याचा तिकडे एकच अर्थ होतो. कराडला भाऊ बाबासो तर दोन पावलं पुढे. "खरं सांग जयाक्का, दाजींनी हात-बीत उचलला का?" ती नाही म्हणाली की बाबासोची खात्री आणखी पक्की होई. भावजय पानात दुप्पट वाढी आणि हळूच म्हणे, "पुरुषाची जात अशीच हो वन्सं." नोकरीची गोष्ट जयमालानं तीनदा काढली. तिन्ही वेळा कुणीतरी पाणी आणायला उठलं.

चौथ्या दिवशी बाबासोनं तिच्यासमोरच इंद्रजितला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून इंद्रजित नोकरीचं सांगू लागला, पण बाबासो भांडणाचंच विचारत राहिला. मग आवाज आला, "चुकलं माझं बाबासो. राग सोड म्हणावं तिला."

"बघ," बाबासो खुशीत म्हणाला, "माणूस दिलदार आहे. आता नीट नांदायचं."

ओटी भरून तिची पाठवणी झाली. स्कूटी टेम्पोत टाकून देतो, असं बाबासो म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. परतीला दोन दिवस लागले. वाईला न वळता ती सरळ पुढे आली.

घरी पोचली तेव्हा इंद्रजितनं चहा टाकला होता. ती हेल्मेट न काढताच खुर्चीत टेकली.

"काय चुकलं हो तुमचं?"

"अगं, तो ऐकेचना. नोकरी गेली म्हणून बाई स्कूटीवर हिंडतेय, हे कुणाला पटणार? भांडण लगेच पटतं."

जयमालानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं.

"बाबासोला फोन लावा. मग मावशीला. सांगा, जयमाला भांडून आली नव्हती. तिची नोकरी गेलीय, आणि तिला त्याचं फार वाईट वाटतंय. एवढंच सांगा."